काकूचा ठोका

माझ्या थोरल्या काकांच्या खोलीत पहिल्यांदा येणारा माणूस हसत नाही. हसायची गरजच नसते, खोलीतले बाकीचे सगळे आधीपासूनच हसत असतात. भिंतीला लागून फळ्या आणि त्या फळ्यांवर ओळीनं मांडलेले प्लॅस्टरचे जबडे. काही पांढरे, काही पिवळट, काही जुने होऊन चहाच्या रंगावर गेलेले. कोणाला वरचेच दात, कोणाला खालचेच, कोणाला दोन्ही नाहीत, नुसत्या हिरड्या. ओठ नाहीत, गाल नाहीत, डोळे तर नाहीतच. तरी आपण स्टुलावर टेकलो की ते सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटत राहतं.

काका कवळ्या करतात. आमच्या घरात काका बरेच, म्हणून यांना सगळे कवळीकाका म्हणतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेऊन यांच्याकडे पाठवतात. काका त्यात प्लॅस्टर ओततात, ते वाळलं की साचा सोलून जबडा बाहेर काढतात. मग वरचा आणि खालचा जबडा एका पितळी चौकटीत बसवतात. चौकटीला मागे बिजागरी असते, त्यामुळे जबडा खऱ्या तोंडासारखा उघडतो आणि मिटतो. त्यानंतर गुलाबी मेणात एकेक दात लावायचा, चौकट मिटून बघायची, दात काढायचा, परत लावायचा. अशा कामात काकांचा जन्म गेला. वय सत्तरीच्या पुढे, भुवयांवर प्लॅस्टरची भुकटी, कानातल्या केसांवरही भुकटी, आणि स्वतःच्या तोंडात मात्र सगळेच्या सगळे दात शाबूत. ही धंद्याची जाहिरात म्हणावी की धंद्याचा अपमान, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

जुना जबडा टाकून देणं काकांना जमत नाही. मी एकदा फळीवरचा एक थोराड जबडा उचलला, खाली लिहिलेलं नाव वाचलं आणि म्हणालो, "अहो काका, हे गृहस्थ जाऊन किती वर्षं झाली!"

"गेले ते," काका म्हणाले. "जबडा कुठं गेलाय? ठेव जागेवर. आणि तोंड भिंतीकडे करू नकोस, आवडत नाही त्यांना."

हे ते गमतीनं म्हणाले असं मी त्या दिवशी धरून चाललो होतो.

रस्त्यातून चालतानाही काकांना माणसं दिसत नाहीत, दात दिसतात. समोरून कोणी हसून नमस्कार केला की काका हळूच म्हणणार, "वरचा चौथा. मी लावलेला. रंग जरा उजळ झाला." नाव विचारा, आठवत नाही. अशा माणसाला संगीताचं वेड लागेल असं कोणाला वाटलं असतं? पण लागलं, आणि तेही कुठलं? कंट्री म्युझिक! सातासमुद्रापलीकडच्या खेड्यापाड्यांतलं, घोड्यांच्या आणि लांबलचक रस्त्यांच्या मुलखातलं गिटार. काका आयुष्यात घोड्यावर बसलेले नाहीत. घोड्यानं तोंड उघडलं तर दात मात्र बघतील.

झालं असं की एक म्हातारं गिऱ्हाईक वारल्यावर त्याचं घर आवरताना त्याच्या लेकीनं एक खोकं काकांना देऊन टाकलं. आत रेकॉर्ड प्लेअर आणि थोड्या रेकॉर्ड. वेष्टणं नव्हती, मधल्या कागदावरची अक्षरं पुसली गेलेली. त्यामुळे वाजवणारा कोण, कुठला, जिवंत आहे की नाही, काकांना कधीच कळलं नाही. त्यांनी त्याला नाव ठेवलं अंगठेवाला.

"बस इथं," असं म्हणून ते मला धरून बसवायचे. "फक्त अंगठा ऐक. बाकी कशाकडे लक्ष द्यायचं नाही."

मी ऐकायचो. जाड तारांवर अंगठा चाललेला असायचा. धुम-चक, धुम-चक. जेवण झाल्यावर एखादा माणूस उगाच फेरी मारायला निघावा, घाई नाही, कुठं पोचायचं नाही, तशी चाल.

"आता अंगठा सोड. वरची बोटं ऐक."

बारीक तारांवर धून चाललेली असायची. कधी दोन बायका बोलत चालल्यासारखी, कधी एक बोलतेय आणि दुसरी हसतेय अशी. अंगठ्याच्या चालीशी तिचा काही संबंध नाही असं वाटायचं, आणि तरी दोघं बरोबर एकाच वेळी वळणावर पोचायचे.

"किती जण वाजवताहेत?" काका विचारायचे.

"तीन."

काकांना हेच उत्तर हवं असायचं. "एक! अरे एक माणूस! एकाच हाताची पाच बोटं. अंगठ्याला ठाऊकच नाही बोटं काय करताहेत. असा हात मी पाहिला नाही रे, आणि मी हातानं काम करणाराच माणूस आहे." मग आवाज खाली आणून, "आणि ते ऐकलंस का? चुईं झालं ते? तारेवरून बोट सरकलं त्याचं. कातडी तारेला घासली. आणि हा श्वास. नाकातून सोडला बघ. माणूस कधीचा मातीत गेला असेल, पण माझ्या खोलीत श्वास घेतोय."

फळ्यांकडे पाठ करून बसलेल्या माणसाला हे वाक्य ऐकायला बरं वाटत नाही, एवढंच सांगतो.

त्या रेकॉर्डींपैकी एकीच्या मागच्या बाजूला एक संथ धून होती. काकांची सगळ्यात लाडकी. ती संपत आली की एका ठिकाणी अंगठा एक ठोका सोडून द्यायचा. बोटंही थांबायची. काहीच नाही. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी आणि पाय तसाच खाली जावा, तसं वाटायचं. मग तो श्वास, आणि धून परत सुरू, जणू काही झालंच नाही.

"चुकला का हो तो?" मी पहिल्यांदा विचारलं.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुधाच्या दातांवर कवळी बसवा म्हणालो. "चुकला? त्यानं तो ठोका ठेवलाय! घरात एखादी खुर्ची असते ना, जिच्यावर कोणी बसायचं नसतं? तसा. रिकामा. तो रिकामाच ऐकायचा."

आता या रिकाम्या खुर्चीवर रोज येऊन ऐसपैस बसणारी व्यक्ती घरातच होती. माझी काकू.

काकूचे दात लवकर गेले. तिची कवळी काकांनी स्वतः केली. आयुष्यात कुठल्या कामावर घेतली नसेल एवढी मेहनत तिच्यावर घेतली, आणि नेमकी तीच चुकली. दातावर दात मिटतात ती उंची केसभर जास्त राहिली. त्यामुळे काकूनं तोंड मिटलं की बारीक आवाज यायचा. टक. डॉक्टरांनाही कळणार नाही अशी चूक, पण काकांना ती चूक रोज जेवताना समोर बसून ऐकावी लागायची.

"दे इकडे, दोन मिनिटांत घासून देतो," ते म्हणायचे.

"मला दुखत नाही ना? मग राहू दे," काकू म्हणायची.

काकांनी शेवटी गुपचूप दुसरी कवळी केली. अगदी बिनचूक, बिनआवाजाची. काकूनं ती एकदा लावून पाहिली, आरशात बघितलं, आणि परत काकांच्या तळहातावर ठेवली. "ही कोणा शहाण्या बाईला द्या." तेव्हापासून ती दुसरी कवळी पितळी चौकटीत, काकूच्या प्लॅस्टरच्या जबड्यावर, मधल्या फळीवर बसलेली होती.

आणि ती संथ धून लागली की खिडकीशी शिवण घेऊन बसलेली काकू मान वर न करता वाट बघायची. सगळं थांबलं, रिकामा ठोका आला, की टक! काका उसळायचे.

"भरू नकोस गं तो! किती वेळा सांगितलं!"

"जागा होती, बसले."

"ती बसायची जागा नाही!"

"मग त्यानं मांडली कशाला?" काकू म्हणायची आणि दोरा तोडायची. दातांनीच.

लोकांच्या घरी भांडणं कशाकशावरून होतात. यांचं आयुष्यभराचं भांडण दुसऱ्या देशातल्या एका अनोळखी माणसानं न वाजवलेल्या एका ठोक्यावरून होतं.

काकू गेली. आजारी पडली आणि गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. तिची टक वाजणारी कवळी तिच्याबरोबर गेली. रेकॉर्ड प्लेअरवर काकांनी जुनी चादर टाकली, आणि ती बरेच दिवस तशीच राहिली.

मग एका दुपारी मी सहज त्यांच्याकडे गेलो तर जिन्यातच धुम-चक ऐकू आलं. मला बरं वाटलं. माणूस सावरतोय म्हणायचं. दार उघडंच होतं. काका पॉलिशच्या चाकाशी बसले होते, पण चाक बंद होतं. मला बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि स्टुलाकडे दाखवलं.

तीच संथ धून होती. मी बसलो. ऊन खिडकीतून तिरपं येऊन मधल्या फळीवर पडलं होतं, प्लॅस्टरच्या हिरड्या उजळल्या होत्या. अंगठा चालत होता. धून शेवटाकडे आली. सगळं थांबलं.

टक.

मग अंगठेवाल्यानं श्वास घेतला, धून पुढे गेली.

मी खिडकीकडे बघितलं. खिडकीशी फक्त खुर्ची. मग मी मधल्या फळीकडे बघितलं. काकूच्या जबड्याची चौकट मिटलेली होती. मी आलो तेव्हा उघडी होती की मिटलेली, हे मला आठवेना, आणि त्या क्षणी ते आठवणं जगात सगळ्यात महत्त्वाचं आहे असं मला वाटलं.

"काका," मी म्हणालो, "काहीतरी वाजलं."

"वाजलं ना?" काकांचा चेहरा असा झाला की वाटलं, मी ते बोलायला नको होतं. "तुला पण आलं ऐकू. मला वाटलं, माझंच डोकं."

"रोज वाजतं?"

"रोज नाही. कधीकधी येत नाही. मग दिवस वाईट जातो." त्यांनी सुई उचलली. "पहिल्यांदा आलं ना, तर मी ओरडलो तिच्यावर. सवयीनं. 'भरू नकोस' म्हणून ओरडलो. आणि मग माझ्या लक्षात आलं."

त्यांनी पॉलिशचं चाक सुरू केलं आणि मी निघालो. मी फार धीराचा माणूस आहे असं माझं मत होतं, ते त्या दिवशी जिना उतरतानाच बदललं. उतरताना शेवटची पायरी पायाला सापडेना.

आता माझ्या पोटात कुठलीच गोष्ट राहत नाही, हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. मी बायकोला सांगितलं. बायकोनं ताईला सांगितलं. ताई म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी, माझी चुलतबहीण. एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका. तिच्या चपलांचा आवाज आला की व्हरांड्यातले पंखेसुद्धा हळू फिरतात असं तिचे शिक्षक म्हणतात. ती रविवारी येऊन थडकली, हातात रिकामी मोठी बॅग. येताना तिनं मलाही बोलावून घेतलं होतं, साक्षीदार म्हणून की आरोपी म्हणून ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"बाबा, पुरे झालं," ती म्हणाली. "हे जिने, हा कवळ्या शिजवायला गॅसवर उकळत ठेवलेला पाण्याचा डबा, आणि आता हे. माझ्याकडे चला. तुमची खोली तयार आहे. ऊन येतं, खाली बाग आहे."

"आणि हे?" काकांनी फळ्यांकडे हात केला.

"एकही नाही. माझ्या घरात मेलेल्या लोकांचे जबडे येणार नाहीत."

"तुझी आई पण आहे त्यांत."

ताईनं मधल्या फळीकडे बघितलं. मग हळू म्हणाली, "ती प्लॅस्टर आहे, बाबा."

काका खूप वेळ एप्रनला हात पुसत राहिले. "एकदा ऐक," ते म्हणाले. "ती धून ऐक माझ्याबरोबर. त्या जागी काही वाजलं नाही तर मी आजच बॅग भरतो. हे सगळं तू म्हणशील तिथं टाक. कुरकुर करणार नाही."

"आणि वाजलं तर?"

"तर मी इथं राहणार, आणि परत हा विषय निघायचा नाही."

"ठीक आहे," ताई म्हणाली. ताई एकदा ठीक आहे म्हणाली की सूर्यसुद्धा वेळापत्रक बदलत नाही. खोटं बोलणं तिला लहानपणापासून जमत नाही. चोरून पिक्चरला गेलो तर तीच घरी येऊन सांगायची, वर पिक्चरची गोष्टही सांगायची.

एवढ्यात डॉक्टर आले. खालच्याच रस्त्यावर त्यांचा दवाखाना, काकांकडे काम तेच पाठवतात. गोल, उत्साही, आणि समोर दिसेल ती गोष्ट समजावून सांगण्याचा नाद. काका गेले तर यांच्या पेशंटना अशा कवळ्या कोण करून देणार? म्हणजे काका राहावेत यातच यांचं हित. पण गोष्ट कानावर पडल्याबरोबर त्यांना आपल्या हिताचा विसर पडला.

"सोपं आहे हो!" ते म्हणाले. "जाड तार जोरात वाजली की फळी थरथरते. चौकटीची बिजागरी सैल आहे, वरचा जबडा जरासा उचलला जातो. तार थांबली की खाली पडतो. टक! यात भूतबीत काही नाही." आणि त्यांनी फळीवर बोटानं ठोकून दाखवलं. चौकट हलली. अगदी बारीक आवाज झाला. टक.

ताईनं सुटकेचा श्वास सोडला. माझ्याही मानेवरचे केस खाली बसले. डॉक्टर आमच्याकडे हसून बघत होते आणि त्यांच्यामागे चाळीसेक जबडे त्यांच्यासारखेच हसत होते. काका तेवढे हसत नव्हते. ते फळीकडे गेले, चौकट दोन्ही हातांनी उचलली आणि डॉक्टरांच्या मांडीवर ठेवली.

"बांधा," ते म्हणाले.

"काय?"

"रबर लावा, गच्च. आणि मांडीवर धरून बसा. मला पण बघायचंय."

"काका, कशाला उगाच," मी म्हणालो. कारण मला आता कळलं होतं की यातून फक्त काकांचं हरणंच बाहेर येणार. माणूस आपल्याच हातानं आपलं घर मोडत होता, आणि तेही रबरबँड देऊन.

"बांधा म्हटलं ना."

डॉक्टरांनी दोन रबर गुंडाळले, वरून रुमाल बांधला, आणि ती मोट मांडीवर धरून बसले. दात काढल्यावर पेशंटचं तोंड बांधतात तसं दिसत होतं. ताई खिडकीशी बसली. ती काकूची खुर्ची आहे हे तिच्या लक्षात आलं नसावं, बाकी बसायला काही नव्हतं. काकांनी रेकॉर्ड एप्रननं पुसली, सुई ठेवली.

धुम-चक, धुम-चक.

दुपारची वेळ, खाली रस्त्यावर कोणी हातगाडी ढकलत चाललं होतं, लख्ख ऊन होतं. असल्या गोष्टी घडायला लागतं ते काहीच नव्हतं. तरी धून जसजशी पुढे जायला लागली तसतसं मला वाटायला लागलं की खोलीत आमच्याशिवाय आणखी कोणीतरी लक्ष देऊन ऐकतंय. एकटं नाही, बरेच जण. मी फळ्यांकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि काकांकडे बघत राहिलो. ते डोळे मिटून उभे होते. उजव्या हाताचा अंगठा एप्रनवर चालत होता, जाड तारांबरोबर. वाजवणाऱ्याचा अंगठा आणि ऐकणाऱ्याचा अंगठा एकच झाले होते. इतकी वर्षं काका त्याला ऐकत आले होते तसं मला कोणी ऐकलं तर मी मातीतूनसुद्धा उठून येईन, असा एक नको तो विचार मनात आला.

धून शेवटाकडे वळली. काकांचा अंगठा थांबला.

सगळं थांबलं.

टक.

अंगठेवाल्यानं श्वास घेतला आणि पुढे निघून गेला.

आम्ही डॉक्टरांच्या मांडीकडे बघितलं. रबर जसेच्या तसे, रुमालाची गाठ जशीच्या तशी. डॉक्टर मांडीकडे बघतच नव्हते. तोंड अर्धवट उघडं टाकून ते खिडकीकडे बघत होते.

ताईनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

"मी नाही," हातांमागून ती म्हणाली. "मी काही केलं नाही. मी नुसती बसले होते. ते... मिटलं."

धून संपली. सुई मधल्या घरात जाऊन खस्‌ खस्‌ फिरत राहिली, आणि ती उचलायचं कोणाला सुचेना. अखेर काका हलले. सुईकडे नाही, टेबलाकडे. त्यांनी बॅटरी घेतली आणि एक निळा पातळ कागद घेतला. हा कागद दातांत धरून चावला की कुठला दात आधी टेकतो त्याचा डाग उमटतो.

"तोंड उघड," ते म्हणाले.

"बाबा!"

"उघड गं. मी काय परका आहे?"

शाळा हादरवणारी माझी ताई पहिलीतल्या पोरीसारखी तोंड उघडून बसली. काकांनी कागद दातांत ठेवला. "मीट." टक. "परत." टक. त्यांनी बॅटरी मारून आत बघितलं, खूप वेळ बघितलं. मग बाजूला होऊन डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी वाकून बघितलं, आणि मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी काही समजावून सांगितलं नाही.

"काय आहे?" ताईनं विचारलं.

"केसभर उंच," काका म्हणाले. "तुझं असं नव्हतं. लहानपणी तुझे दात मी रोज बघायचो. कधीपासून आहे हे?"

"मला काय माहीत?"

"घासून घे. डॉक्टर आहेतच इथं, दोन मिनिटांचं काम. आत्ता घासून देतील."

ताईनं पदरानं ओठांवरचा निळा डाग पुसला. आणि खिडकीबाहेर बघत, शिवणातून मान वर न काढणाऱ्या माणसाच्या सहजपणे म्हणाली, "मला दुखत नाही ना? मग राहू दे."

काका स्टुलावर बसले. आपण काय बोललो हे ताईच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आलं तेव्हा तिचा चेहरा फळीवरच्यांच्या रंगाचा झाला.

मी जाऊन सुई उचलली. कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

मग काकांनी विचारलं, "वाजलं का?" अगदी हळू विचारलं. ती नाही म्हणाली असती तर त्यांनी ते मान्य करून बॅग भरली असती, याबद्दल मला शंका नाही. आणि ती नाही म्हणू शकत होती. चौकट वाजलीच नव्हती. वाजलं ते तिच्याच तोंडात, आणि स्वतःच्या तोंडाबद्दल माणसानं काय सांगावं हे त्याचं त्यानं ठरवायचं असतं.

ताईनं रिकाम्या बॅगेकडे बघितलं.

"वाजलं," ती म्हणाली.

बॅग रिकामीच परत गेली. जिना उतरताना ती मी धरली होती, ताई माझा दंड धरून उतरत होती, आणि खालपर्यंत आम्ही दोघंही तोंड घट्ट मिटून होतो. रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "कोणाला सांगू नकोस हं." मी नाही सांगणार म्हणालो. माझ्या पोटाचं तुम्हाला माहीतच आहे.

तेव्हापासून ताई दर रविवारी काकांकडे येते. विषय परत निघालेला नाही. तिनं तो उंच दात घासून घेतलेला नाही. गॅसवरच्या डब्यापाशी एक घड्याळ आणून ठेवलं आहे, जिन्याला कठडा बसवून घेतला आहे, आणि फळ्यांवरची धूळ ती स्वतः पुसते. पुसून झाल्यावर जबड्यांची तोंडं भिंतीकडे करत नाही. काकूची चौकट मधल्या फळीवरच आहे, रबर आणि रुमालासकट. काकांनी ते सोडलेले नाहीत. म्हणाले, आता कशाला?

परवाच्या रविवारी मीही होतो, डॉक्टरही होते. काका पॉलिश करता करता थांबले, एप्रनला हात पुसले आणि ती रेकॉर्ड लावली. धून सुरू झाल्यावर ताईनं पर्समधून रुमाल काढला, त्याची घडी केली आणि दातांत धरली. तिनं खिडकीबाहेर नजर लावली.

अंगठा चालत राहिला, बोटं त्याच्यावर बोलत राहिली. शेवटाकडे वळण आलं, आणि सगळं थांबलं.

रिकामं. अंगठेवाल्यानं ठेवलं होतं तसं, अगदी रिकामं. काका ज्याच्यासाठी आयुष्यभर काकूशी भांडले ते हे, आता पूर्णपणे त्यांचं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते त्या ठोक्यात कान देऊन उभे होते, जिन्यात पावलं वाजताहेत का हे ऐकणाऱ्या माणसासारखे. श्वास आला, धून पुढे गेली, आणि काकांनी मान हलवली.

"किती छान ठेवलाय बघ," ते म्हणाले. मग ताईकडे न बघता, "गरम होत नाही का गं तो रुमाल?"

"नाही," ताई रुमालातून म्हणाली.

"बरं," काका म्हणाले. "विसरशील एखाद दिवशी."

आणि त्यांनी सुई उचलून परत त्या धुनेच्या सुरुवातीला ठेवली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी माझे वरचे दात खालच्या दातांपासून लांब धरून बसलो होतो. डॉक्टरांकडे बघितलं, तर तेही. ओठ विलग, जबडा किंचित खाली. दारातून कोणी डोकावलं असतं तर त्यानं आम्हालाही फळीवरच्यांतच धरलं असतं. खोलीत एकट्या काकांचं तोंड मिटलेलं होतं, आणि ते ऐकत होते.